लांब मैफिलीसाठी टेपचा कॅमेरा: जादा मिनिटे कोठून येतात आणि कशाच्या बदल्यात

ग्वाल्हेरमध्ये गाण्याचे किंवा कीर्तनाचे चित्रण करायला निघालेल्या माणसाच्या मनात कॅमेऱ्याच्या भिंगाआधी आणि रंगांआधी एकच प्रश्न असतो: एका कॅसेटवर सलग किती वेळ निघेल? कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली सुरू केलेली गांधर्व महाविद्यालयाची शाळा आणि 1918 साली उभे राहिलेले माधव संगीत विद्यालय ज्या गावात आहे, तेथे घरगुती बैठकीतही तिलवाडा तालातला बडा ख्याल पाऊण तासाच्या आत आवरत नाही. त्यामागून द्रुत बंदिश येते, मग तराणा, आणि श्रोत्यांनी आग्रह केला तर टप्पा. एका तासाची कॅसेट अशा वेळी नेमकी द्रुताच्या ऐन रंगात संपते. पडद्याच्या कोपऱ्यातला शिल्लक मिनिटांचा आकडा लुकलुकू लागतो, गायक तानेतून समेकडे येत असतो, आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस गाणे ऐकायचे सोडून खिशातल्या नव्या कॅसेटचे प्लास्टिक फाडत बसतो.

हे परीक्षण त्या माणसासाठी आहे. टेपवर चित्रण करणारे डिजिटल कॅमेरे आता कोणतीही मोठी कंपनी बनवत नाही. तरीही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अनेक मराठी घरांच्या कपाटांत चालू स्थितीतले हँडीकॅम पडून आहेत, लग्नाचे चित्रण करणारे छायाचित्रकार आपले जुने कॅमेरे विकायला काढतात, आणि गेल्या काही वर्षांत तरुण मुलेही जुन्या चित्राच्या पोतासाठी ते शोधत फिरतात. ज्याच्याकडे टेपचे काहीच नाही आणि ज्याला फक्त लांब चित्रण हवे आहे, त्याने सरळ मेमरी कार्डावर चालणारा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मात्र तो घेतानाही छायाचित्रांच्या कॅमेऱ्यापासून सावध राहावे, कारण त्यांतले पुष्कळसे, विशेषतः जुने, 29 मिनिटे 59 सेकंदांनंतर चित्रण आपोआप थांबवतात, आणि तसा कॅमेरा बैठकीत टेपहूनही अधिक त्रास देतो. ज्यांच्याकडे टेपचा कॅमेरा आहे किंवा जे जुना घेणार आहेत, त्यांच्यासमोर मिनीडीव्ही, डिजिटल8, डीव्हीकॅम आणि एचडीव्ही हे चार मुख्य पर्याय येतात. त्यांच्या खोक्यांवर छापलेल्या मिनिटांवरून निवड करणे धोक्याचे का आहे, ते पाहू.

आधी मिनीडीव्ही, कारण बाकीच्यांची मोजदाद त्याच्याच आधारे करावी लागते. 1995 साली बाजारात आलेल्या या पद्धतीत टेपची रुंदी 6.35 मिलिमीटर असते आणि नेहमीच्या, म्हणजे एसपी, वेगाला ती सेकंदाला 18.81 मिलिमीटर सरकते. या हिशेबाने साठ मिनिटांच्या त्या चिमुकल्या डबीत सुमारे 68 मीटर टेप गुंडाळलेली असते. टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडचा, टेपला टेकून फिरणारा ड्रम मिनिटाला 9000 फेऱ्या घेतो आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत चित्राची एक चौकट तिरक्या बारा रेघांत लिहिली जाते. चौकटी सेकंदाला 25 असल्यामुळे सेकंदाला अशा 300 रेघा पडतात. एका रेघेपासून दुसरीपर्यंतचे अंतर असते 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. टेपच्या सगळ्या पद्धतींचे भांडण या 10 मायक्रॉनवरून आहे. चित्राची माहिती सेकंदाला 25 मेगाबिट या ठरलेल्या वेगाने येत राहते, ती कमी करता येत नाही. म्हणून जादा मिनिटे हवी असतील तर रेघा अरुंद कराव्या लागतात, टेप पातळ करून अधिक लांब गुंडाळावी लागते, किंवा डबीच मोठी घ्यावी लागते. चौथा मार्ग चित्र अधिक दाबून लिहिण्याचा, तो पुढे येईल.

रेघा अरुंद करण्याचा मार्ग म्हणजे एलपी. मेन्यूत जाऊन एसपीऐवजी एलपी निवडले की टेप सेकंदाला साधारण 12.56 मिलिमीटर वेगाने चालते, साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटे मावतात आणि रेघेची रुंदी उतरून सुमारे 6.7 मायक्रॉनवर येते. व्हीएचएसच्या जमान्यापासून आपल्याकडे समज असा की एलपी म्हणजे धूसर चित्र. डिजिटल टेपच्या बाबतीत तो चुकीचा आहे, कारण लिहिले जाणारे आकडे तेच आणि तेवढेच असतात, आणि ते नीट वाचले गेले तर एसपी व एलपी यांच्या चित्रात काडीचाही फरक नसतो. खोच आहे ती ‘नीट वाचले गेले तर’ या अटीत. एकाच वहीत ओळी अधिक दाट लिहिल्या तर मजकूर तोच राहतो, पण दुसऱ्याला वाचताना बोट घसरते; तसेच येथे होते. ज्या कॅमेऱ्यावर लिहिले त्याच्यावर ती कॅसेट उत्तम चालते, पण शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात घातली की चित्रावर लहान लहान चौकोनी ठोकळे उमटतात, आणि त्यांच्यामागोमाग आवाज क्षणभर तुटतो. चित्रातला एखादा ठोकळा डोळा माफ करतो, पण तंबोऱ्याच्या संथ सुरात पडलेले भगदाड कानाला खटकल्याशिवाय राहत नाही. शिवाय कॅमेऱ्याचे हेड झिजत जाते आणि टेपला वाट दाखवणारे खुंट वर्षानुवर्षांच्या वापरात किंचित सरकतात. आज लिहिलेली एलपी कॅसेट दहा वर्षांनी वाचायला ज्या कॅमेऱ्याची गरज पडेल तो हाच असेल आणि असाच असेल, याची हमी कोणी द्यायची? गाण्याच्या चित्रणासाठी एलपीला माझा स्पष्ट नकार आहे. मुलांच्या वाढदिवसाला, किंवा ज्याची प्रत दुसऱ्याच दिवशी संगणकावर उतरवायची आहे अशा कामाला ती खुशाल वापरावी.

दुसरा मार्ग पातळ टेपचा. मिनीडीव्हीच्या ऐंशी मिनिटांच्या कॅसेटी मिळत असत आणि जुन्या साठ्यातून अजूनही हाती लागतात. डबी तेवढीच आणि टेप जवळजवळ 90 मीटर, म्हणजे तिची जाडी कमी असणार हे उघड आहे. रेघा मात्र पूर्ण 10 मायक्रॉनच्या राहतात, आणि म्हणून लिहिण्या-वाचण्याच्या दृष्टीने ही कॅसेट एलपीपेक्षा कितीतरी विश्वासाची आहे. तिचा कच्चेपणा यांत्रिक आहे. वारंवार मागे-पुढे केली, एकाच जागी कॅमेरा पॉजवर ठेवला, किंवा ज्याचे रबरी रूळ म्हातारे झाले आहेत अशा कॅमेऱ्यात घातली, तर कड दुमडण्याची भीती असते. माझा सल्ला असा की ऐंशीची कॅसेट एकदा लिहावी, एकदा संगणकावर उतरवावी, तिच्यावरची लाल खिटी सरकवून ती लिहिण्यासाठी बंद करावी आणि ठेवून द्यावी. अशा शिस्तीत वापरली तर मिळणारी वीस मिनिटे मोलाची असतात, कारण पाऊण तासाचा ख्याल आणि त्यामागची द्रुत बंदिश बहुतेक वेळा ऐंशी मिनिटांत बसते. ऐंशीच्या कॅसेटवर एलपी लावून दोन तास काढण्याचा मोह मात्र पुष्कळांना होतो. त्यात दोन्ही मार्गांची दुखणी एकत्र येतात, एवढे सांगितले की पुरे.

डिजिटल8 हा सोनीने 1999 साली आणलेला प्रकार ग्वाल्हेरच्या घरांत बराच आढळतो, कारण ज्यांच्याकडे आधीच्या हाय8 कॅसेटी होत्या त्यांनी तोच पसंत केला. त्यात हाय8चीच 8 मिलिमीटर रुंद कॅसेट चालते, आणि तिच्यावर लिहिले जाते ते मात्र हुबेहूब डीव्ही. चित्राच्या गुणात मिनीडीव्हीहून काही कमी नाही. घोळ होतो तो कॅसेटवरच्या आकड्यांचा. पी5-90 असे छापलेली कॅसेट पाल पद्धतीच्या हाय8 कॅमेऱ्यात नव्वद मिनिटे चालते, पण डिजिटल8मध्ये टेपचा वेग जास्त असल्यामुळे तिच्यावर साठच मिनिटे मिळतात. परदेशातून कोणी आणलेली पी6-120 कॅसेट पाहून पुष्कळांना दोन तासांची आशा वाटते. प्रत्यक्षात तो आकडा अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीसाठी छापलेला असतो, आत टेप जवळपास तेवढीच असते, आणि डिजिटल8मध्ये तीही तासाभराने संपते. म्हणजे लांब चित्रणाच्या कसोटीवर डिजिटल8 मिनीडीव्हीच्या पुढे जात नाही. तरी त्याचे दोन गुण नोंदवलेच पाहिजेत. त्याची रेघ मिनीडीव्हीपेक्षा रुंद आणि टेपही रुंद असल्यामुळे ठोकळे पडण्याचे प्रमाण कमी असते. शिवाय त्यातले बरेच कॅमेरे जुन्या हाय8 आणि व्हिडिओ8 कॅसेटी वाचतात आणि त्या फायरवायरच्या तारेतून डिजिटल रूपात संगणकाकडे पाठवतात. ज्यांच्या घरी 1990च्या दशकातल्या गणेशोत्सवाच्या, मुंजींच्या आणि आजोबांच्या गाण्याच्या कॅसेटी आहेत, त्यांनी डिजिटल8चा कॅमेरा केवळ त्या कामासाठी घ्यावा. नव्या मैफिलींसाठी घेऊ नये.

डीव्हीकॅम ही सोनीची व्यावसायिक पद्धत उलट दिशेने गेली. तिच्यात रेघ 15 मायक्रॉन रुंद असते आणि टेप सेकंदाला सुमारे 28.2 मिलिमीटर पळते. त्यामुळे साठ मिनिटांच्या मिनीडीव्ही कॅसेटवर डीव्हीकॅम लावले की चाळीस मिनिटेच मिळतात. पीडी150 आणि पीडी170 या दोन कॅमेऱ्यांनी एके काळी बातम्यांपासून लग्नांपर्यंत सगळे मैदान गाजवले आणि आजही जुन्या बाजारात त्यांना मान आहे. त्यांत डीव्हीकॅम आणि साधे डीव्ही असे दोन्ही पर्याय असतात. मुलाखत, नाटकाचा एक प्रवेश, रियाझाचा तुकडा अशा कामाला डीव्हीकॅमची खात्री हवीहवीशी आहे. सलग ख्यालाला चाळीस मिनिटे कोठे पुरणार? अशा कॅमेऱ्याच्या मालकाने बैठकीत डीव्ही एसपी निवडावे. चित्र तेच राहते, वीस मिनिटे परत मिळतात, आणि साध्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावरही ती कॅसेट वाचता येते.

याच पद्धतीच्या मोठ्या कॅसेटीजवळ मला जरा थांबायचे आहे, कारण लांब चित्रणाचा खरा, सरळ आणि कोणतीही तडजोड न करणारा उपाय तोच आहे आणि त्याविषयी आपल्याकडे फारच थोड्यांना माहिती आहे. डीव्हीची कॅसेट पहिल्यापासून दोन आकारांत आली. छोटी सर्वांनी पाहिली. मोठी टीव्हीच्या स्टुडिओत आणि खांद्यावरच्या कॅमेऱ्यांत राहिली. मोठ्या डीव्हीकॅम कॅसेटवर 184 मिनिटे मिळतात, आणि तीच कॅसेट साध्या डीव्ही वेगाने चालवली तर 276 मिनिटे, म्हणजे साडेचार तासांहून अधिक. सोनीचा डीएसआर-250 हा खांद्यावरचा कॅमेरा दोन्ही आकारांच्या कॅसेटी घेतो. तीन तासांचे कीर्तन, पूर्वरंगाच्या नमनापासून आरतीपर्यंत, अशा एका कॅसेटवर रुंद रेघांसह, पूर्ण गुणाने आणि एकदाही हात न लावता उतरते. ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा कीर्तनकारांच्या परंपरेतली हरिकथा किंवा रात्रभराची बैठक चित्रित करणाऱ्या संस्थेने एकच टेपचा कॅमेरा घ्यायचा असेल तर तो हा घ्यावा, असे माझे मत आहे. अडचणी आहेतच. कॅमेरा जड आहे, त्याला भक्कम तिकाटणे लागते, मोठ्या कॅसेटी जुन्या साठ्यातूनच मिळवाव्या लागतात आणि साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा महाग पडतात. शिवाय पुढे ही कॅसेट वाचायला मोठा आकार घेणारेच यंत्र हवे; घरचा हँडीकॅम तिच्यासाठी निरुपयोगी. डीएसआर-11 सारखा छोटा डेक, म्हणजे नुसत्या कॅसेटी चालवणारे यंत्र, दोन्ही आकार घेतो, तो सोबत मिळाला तर कॅमेऱ्याच्या हेडचे आयुष्य वाचते.

येथे एक इशारा द्यायला हवा. खांद्यावरचा प्रत्येक कॅमेरा मोठी कॅसेट घेतो असे मुळीच नाही. लग्नाच्या बाजारात ज्याचा दबदबा होता तो पॅनासॉनिकचा एमडी10000 किंवा नंतरचा सोनीचा एचडी1000, हे दोघेही दिसायला ऐसपैस आहेत, पण त्यांचे दार उघडले की आत तीच साठ मिनिटांची डबी असते. यजमानांवर छाप पडावी म्हणून भरलेली ती हवा आहे, आणि व्याह्यांसमोर तिचा उपयोग होत असेलही. कॅमेरा विकत घेताना अंगापेक्षा कॅसेटचे दार मोजावे.

एचडीव्ही ही पद्धत 2003 साली जाहीर झाली. तिच्यात मिनीडीव्हीच्याच टेपवर, त्याच वेगाने, उच्च दर्जाचे चित्र लिहिले जाते. साठ मिनिटांच्या कॅसेटवर साठच मिनिटे मिळतात आणि एलपीची सोय नाही, ते एका परीने बरेच आहे. आता चित्र जवळजवळ चौपट तपशिलाचे आणि जागा तेवढीच, म्हणजे चित्र अधिक दाबून लिहिलेले असणार. चौथा मार्ग म्हटला तो हाच, फक्त येथे तो मिनिटांसाठी न वापरता तपशिलासाठी वापरला आहे. डीव्हीत प्रत्येक चौकट स्वतंत्र लिहिली जाते, आणि म्हणून टेपवर धुळीचा कण आला तर चौकटीचा एखादा कोपरा बिघडतो. एचडीव्हीत पाल पद्धतीच्या बारा चौकटींचा एक गट असतो आणि गटातल्या चौकटी एकमेकींच्या आधारावर उभ्या असतात. तोच कण येथे जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठवतो आणि आवाजही घेऊन जातो. विलंबितात अर्धा सेकंद एक वेळ चालून जाईल, पण तराण्यात तेवढ्या वेळात तबलजी तुकडा संपवून समेवर येतो. एचडीव्ही वापरणाऱ्याने नवी आणि चांगल्या प्रतीचीच कॅसेट घ्यावी आणि तीवर दुसऱ्यांदा चित्रण करू नये. सोनीच्या एस270 या एचडीव्ही कॅमेऱ्यात मोठी कॅसेट चालते आणि तिच्यावर 276 मिनिटे मिळतात. त्याबरोबरच कार्डावरही तेच चित्रण एकाच वेळी उतरवता येते. कोणाला तो चांगल्या स्थितीत मिळाला तर मी दुसरे काही सुचवणार नाही, पण तो सहज हाती लागणारा माल नव्हे.

मायक्रोएमव्ही नावाचा सोनीचा एक इवलासा प्रकारही 2001 साली आला होता. त्याच्या साठ मिनिटांच्या कॅसेटी दुसऱ्या कोणी बनवल्या नाहीत आणि आता त्या मिळत नाहीत. तो घेऊ नये.

मोठ्या कॅसेटचा कॅमेरा आवाक्याबाहेर असेल तर दोन साधे मिनीडीव्ही कॅमेरे हा उपाय एलपीच्या कोणत्याही हिकमतीपेक्षा सरस ठरतो. पहिला कॅमेरा गायकावर रोखून सुरू करावा आणि दुसरा, थोडा बाजूने, तबलजीसह पूर्ण व्यासपीठ येईल असा ठेवून तीस-चाळीस मिनिटांनी सुरू करावा. पहिल्याची कॅसेट बदलत असताना दुसरा चालू असतो आणि दुसऱ्याची बदलताना पहिला. आवाज दोन्हींत असल्यामुळे संगणकावर जोड देताना तबल्याची एक थाप जुळवली की सगळे सरळ होते. नारदीय कीर्तनात तर एकच कॅमेरा असला तरी निभावते, कारण पूर्वरंग संपून बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, त्या अवधीत कॅसेट बदलण्याइतकी फुरसत नक्की मिळते. मात्र त्यासाठी पूर्वरंग तासाच्या आत संपायला हवा, आणि तो बुवांच्या रसवंतीवर अवलंबून आहे. कॅसेट संपत आली म्हणून निरूपण आवरते घ्या, असे त्यांना कोण सांगणार?

तिसरा उपाय टेपला वगळण्याचा. डीव्ही कॅमेऱ्याच्या फायरवायरच्या तोंडातून चित्रण चालू असतानाच डिजिटल प्रवाह बाहेर पडत असतो, आणि तो थेट हार्डडिस्कवर लिहिणारी छोटी यंत्रे किंवा फायरवायर असलेला जुना लॅपटॉप मिळाला तर मिनिटांचा प्रश्नच उरत नाही. हिशेब सोपा आहे: डीव्हीला तासाला सुमारे 13 जीबी जागा लागते, म्हणजे 40 जीबीच्या डिस्कवर तीन तास मावतात. डिस्क एफएटी32 पद्धतीने आखलेली असेल तर एक फाइल 4 जीबीपलीकडे जात नाही आणि साधारण एकोणीस मिनिटांनी नवी फाइल सुरू होते, हे लक्षात ठेवावे. चांगले यंत्र त्या जोडावर एकही चौकट गमावत नाही. कॅमेऱ्याची एक खोड मात्र आधी तपासावी. कॅसेट आत ठेवून नुसता सज्ज ठेवला तर पुष्कळ हँडीकॅम टेप आणि हेड वाचवण्यासाठी पाच मिनिटांनी आपोआप बंद होतात. कॅसेट काढून ठेवली तर काही सोनी कॅमेरे दहाएक मिनिटांनी स्वतःची जाहिरात दाखवू लागतात. त्यासाठी मेन्यूतला डेमो आधीच बंद करावा. माझी पसंती दोन्ही एकदम चालवण्याला आहे: कॅसेटवरही लिहायचे आणि डिस्कवरही. डिस्क सलग चित्रण देते आणि कॅसेट कपाटात मूळ प्रत म्हणून राहते.

आवाजाबद्दल थोडे, कारण गाण्याच्या चित्रणात अर्धे काम त्याचे आहे आणि त्याचा मिनिटांशी काहीही संबंध नसताना लोक उगाच तेथे काटकसर करतात. अनेक हँडीकॅम कारखान्यातून 12 बिटच्या आवाजावर लावलेले येतात. ती सोय मागाहून दुसरा आवाज भरता यावा म्हणून आहे आणि तिच्यात नमुने सेकंदाला 32 हजारच घेतले जातात. मेन्यूत 16 बिट निवडले की 48 हजार नमुन्यांचा आवाज मिळतो आणि कॅसेटचे एकही मिनिट कमी होत नाही. तसेच कॅमेऱ्याच्या अंगातला मायक्रोफोन ड्रमची आणि मोटरची बारीक घरघर पकडतो. पंख्याखालच्या गप्पांत ती ऐकू येत नाही, पण आलापाच्या सुरुवातीला, सभागृह शांत असताना, ती तंबोऱ्याच्या खाली सतत वाजत राहते. बाहेरचा मायक्रोफोन गायकाजवळ ठेवावा आणि तार पायात येणार नाही अशी बाजूने आणावी.

कॅमेरा निवडताना कॅसेटचे दार कोठे आहे हेही पाहावे. स्वस्त हँडीकॅमपैकी पुष्कळांचे दार खालच्या बाजूला उघडते. म्हणजे कॅसेट बदलण्यासाठी कॅमेरा तिकाटण्यावरून काढावा लागतो, चौकट हलते, आणि अर्ध्या मिनिटाचे काम दोन मिनिटांचे होते. लांब चित्रणासाठी बाजूने किंवा वरून उघडणारेच दार हवे. विजेचा विचारही कॅसेटइतकाच करावा, कारण जुन्या कॅमेऱ्यांबरोबर मिळणाऱ्या बॅटऱ्या बहुधा पंधरा-वीस मिनिटांत मान टाकतात. भिंतीतल्या विजेवर कॅमेरा चालवावा आणि वीज गेलीच तर तग धरण्यापुरती एक नवी, मोठी बॅटरी लावून ठेवावी. ग्वाल्हेरच्या हवेचे दोन त्रास वेगळे आहेत. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी पडते, आणि उघड्यावरचा थंड कॅमेरा माणसांनी भरलेल्या उबदार दिवाणखान्यात आणला की आतल्या ड्रमवर दव बसते; पडद्यावर तशी खूण येते आणि कॅमेरा तासभर काम नाकारतो. बैठकीच्या बराच वेळ आधी तो पिशवीतच त्या खोलीत नेऊन ठेवावा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा कॅसेटी गच्चीखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात त्या डबीसकट हवाबंद डब्यात, उभ्या ठेवाव्यात. बुरशीचा पांढरा थर दिसलेली कॅसेट चांगल्या कॅमेऱ्यात घालण्याचे धाडस कोणी करू नये.

आता जुना कॅमेरा विकत घेतानाची गोष्ट. महाराज बाड्याच्या आसपासच्या दुकानांत किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडे कॅमेरा पाहायला जाताना एक नवी साठ मिनिटांची कॅसेट आणि, शक्य झाल्यास, घरचा चालू हँडीकॅम बरोबर न्यावा. एका दुकानात मला एक उत्तम दिसणारा कॅमेरा त्याच्याच कॅसेटवर चालवून दाखवण्यात आला, चित्र स्वच्छ होते, आणि माझ्या कॅसेटवर चालवा म्हटल्यावर बोलणे एकदम बॅटरीच्या किमतीकडे वळले. कॅसेट आधी शेवटापर्यंत पुढे पळवून पुन्हा मागे घ्यावी, म्हणजे ती सैल राहत नाही आणि रबरी रूळ दोन्ही दिशांना ओढतात की नाही हेही कळते. मग सुरुवातीला दोन मिनिटे, मध्ये दोन मिनिटे आणि शेवटाजवळ दोन मिनिटे एसपीवर चित्रण करावे, कारण टेपचे ओझे एका चक्रावरून दुसऱ्यावर गेल्यावर म्हाताऱ्या यंत्राचे ताण बदलतात आणि दोष बहुधा टोकाला उघडा पडतो. चित्रण करताना कॅमेऱ्यासमोर कोणी तरी सलग बोलत राहावे, म्हणजे आवाज तुटला तर लगेच समजेल. ती कॅसेट काढून घरच्या हँडीकॅमवर लावून पाहावी आणि घरी लिहिलेली त्याच्यावर. दोन्हीकडे ठोकळे न पडता चालली तरच रेघा जागेवर आहेत असे समजावे. एवढ्या तपासणीला दुकानदार तयार नसेल, तर तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी तेथेच राहू द्यावा.